गुडघे म्हणतात खाली, सावित्री म्हणते वर

चाळिशी जवळ आली की डोळ्यांना चाळिशी लागते, एवढं आपल्याला सगळ्यांना ठाऊक असतं. पण घरालाही चाळिशी लागते, हे कळायला मला महाड-पोलादपूर एस.टी.च्या कितीतरी फेऱ्या कराव्या लागल्या! मी आता ३९ वर्षांची. हे माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. मुलगा दहावीला, म्हणजे वर्षभरात पुण्याला नाहीतर आणखी कुठं शिकायला जाणार. सासूबाई सत्तरीला टेकल्या आहेत आणि त्यांचे गुडघे त्यांच्या आधीच सत्तरी ओलांडून गेले आहेत. अशा वेळी ‘आता राहायचं कुठं?’ हा प्रश्न घरात येऊन बसतो आणि काही केल्या उठत नाही. तुमच्याही घरात तो कधीतरी येईल, किंवा आलाही असेल. म्हणून आमची हकीकत सांगते.

तुम्ही आमच्या बाजूला आला नसाल तर आधी वाट सांगते. महाड ते पोलादपूर अंतर ते काय, जेमतेम १८-२० किलोमीटर. महाड सोडलं की थोड्याच वेळात सावित्रीवरचा पूल लागतो. पूल आला की एस.टी.तली बडबड आपोआप थांबते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, भर पुरात, इथला ब्रिटिशांच्या वेळचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्याही गेल्या. नवा पूल पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. चांगला रुंद आणि भक्कम आहे. तरी आमच्या सासूबाई पूल येताच हात जोडतात आणि पलीकडे गेल्यावरच सोडतात. पुढे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ सरकत येतात. पोलादपूरला वाटा फुटतात. एक आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढते, दुसरी कशेडीकडून खेडला उतरते. कशेडीला आता बोगदा झाला आहे, त्यामुळे पूर्वी घाटात ज्यांना ओकाऱ्या व्हायच्या ते आता खिडकीला डोकं टेकून झोपा काढतात! जवळच उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास, तेव्हा मुलांची सहल घेऊन तिथं बरेचदा जाणं होतं.

आमचं सासरचं गाव पोलादपूर तालुक्यातच, डोंगराच्या कुशीत. नाव सांगत नाही, कारण तशी गावं तिथं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची गोष्ट थोडीबहुत सारखीच. तरणी माणसं मुंबईला, घरांना कुलपं, शिमग्याला आणि गणपतीला तेवढी कुलपं उघडायची. आम्ही मात्र महाडला राहतो. ह्यांची नोकरी औद्योगिक वसाहतीत. बाजारपेठेच्या बाजूला सासऱ्यांनी घेतलेलं जुनं घर आहे. दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, वर माळा. सगळं तळमजल्यावर. लग्न होऊन आले तेव्हा मला तेच मोठं सुख वाटलं होतं. दारातून पाऊल टाकलं की बाजार! भाजीवाली उंबऱ्याशी येते, शाळा हाकेच्या अंतरावर, संध्याकाळी चवदार तळ्यापर्यंत फेरी मारून यावं. म्हातारपणी याहून काय हवं?

पण महाडमध्ये तळमजला एकट्या माणसाचा नसतो, तो नदीचाही असतो.

मुलांना शिकवताना मी सांगते की हे गाव इथं वसलं तेच मुळी पाण्यामुळे. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी सावित्रीत वर चढायचं, त्या पाण्यावर गलबतं यायची, माल उतरायचा आणि घाट चढून देशावर जायचा. बाजार नदीकाठी बसला तो सोयीसाठी. आता गलबतं गेली, पण भरती काही गेलेली नाही. वर डोंगरात पाऊस कोसळला की सावित्री, काळ आणि गांधारी तिघीही एकदम भरून येतात, आणि त्याच वेळी खालून समुद्राची भरती चढत असली की पाण्याला जायला जागा उरत नाही. त्यात नदीत गाळ. म्हणून आमच्याकडच्या बायका पावसाळ्यात दिनदर्शिकेत एकादशी-चतुर्थीच्या बरोबरीनं भरतीची वेळही बघतात.

२१ जुलै २०२१ ची रात्र. गुरुपौर्णिमा तोंडावर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी पहाटेच्या आधीच दारात आलं. पुराची आम्हाला सवय आहे, पाणी येतं, घोट्याला लागतं, उतरतं. त्या रात्री ते घोट्यावर थांबलं नाही. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, तो माकडासारखा माळ्यावर चढला. मी कागदांची पिशवी आणि तांदळाचा डबा वर दिला. राहिल्या सासूबाई. माळ्याच्या शिडीला नऊ पायऱ्या आहेत. त्या नऊ पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला असेल, सांगा! मी खालून त्यांचे पाय एकेका पायरीवर ठेवत होते, हे वरून हात ओढत होते, आणि पाणी माझ्या कमरेला लागलं होतं. शेवटच्या दोन पायऱ्यांवर त्या म्हणाल्या, “तू जा गो वर, मला राहू दे.” ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. सकाळपर्यंत पाणी चौकटीच्या वर गेलं. आम्हाला शेजाऱ्यांनी माळ्याच्या खिडकीतून त्यांच्या गॅलरीत घेतलं.

चिखल काढायला किती दिवस गेले, गाद्या आणि पुस्तकं कशी रस्त्यावर टाकली, ते सगळं वर्तमानपत्रांत आलेलंच आहे. मला पुढचं सांगायचं आहे. त्या वर्षापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले. ह्यांचं म्हणणं, हे घर विकून टाकू आणि गावाला डोंगरावर छानसा स्लॅबचा बंगला बांधू. निवृत्तीनंतर तिथंच राहू. पूर तिथं थोडाच येणार? माझं म्हणणं, महाडातच उंचावर ब्लॉक घेऊ. सासूबाई कोणत्याच पक्षात नव्हत्या. त्यांना गावच्या घरात, त्यांच्या स्वतःच्या ओटीवर डोळे मिटायचे होते. तसं त्या बोलून दाखवत नसत, पण चूल लिंपायला कोणी आहे का, कौलं शाकारली का, हे विचारण्याचा त्यांचा सूरच ते सांगत असे.

मग आम्ही रविवारचा कार्यक्रमच ठरवला. एक रविवार महाडात ब्लॉक बघायचे, एक रविवार गावाला जायचं.

ब्लॉक बघण्याची मोठी गंमत असते. बिल्डरचा मुलगा तुम्हाला आधी गॅलरी दाखवतो, मग फरशी, मग ‘मॉड्युलर’ ओटा. मी त्याला आधी जिना दाखवायला सांगायची. तो म्हणायचा, “वहिनी, लिफ्ट आहे ना!” अहो, लिफ्ट आहे हे खरं, पण महाडला पूर येतो तेव्हा वीज आधी जाते आणि नंतर कित्येक दिवस येत नाही. नेमकी ज्या दिवशी गरज त्या दिवशी लिफ्ट बंद. तेव्हा मैत्रिणींनो, पूर येणाऱ्या गावात लिफ्टच्या भरवशावर पाचवा मजला घेऊ नका. तळमजला आणि पहिला मजला पाण्याचा, चौथा-पाचवा विजेचा. आपल्या वाट्याला दुसरा मजला राहतो, फार तर तिसरा. जिना रुंद हवा, पायरी बुटकी हवी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा आणि अर्ध्यात वळणावर स्टूल ठेवण्याएवढी जागा हवी. आम्ही पसंत केलेल्या घराला दोन मजल्यांच्या मिळून ३६ पायऱ्या आहेत. कागदावर सही करण्याआधी मी सासूबाईंना तिथं नेऊन चढवलं, घड्याळ लावून. बिल्डरचा मुलगा हसला. हसू दे.

नवी इमारत म्हणजे मजबूत इमारत, ही समजूतही काढून टाका. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत संध्याकाळच्या वेळी कोसळली आणि १६ माणसं गेली. ती काही जुनाट वाड्यातली भिंत नव्हती, जेमतेम दहा वर्षांपूर्वीची इमारत होती. तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र आहे का, महारेराची नोंदणी आहे का, हे बायकांनी तोंड उघडून विचारलं पाहिजे. आणि नगरपरिषदेत जाऊन पूररेषा बघायची. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. आमचं जुनं घर कुठं येतं ते बघून मला हसावं की रडावं कळेना. पण सगळ्यांत खरी पूररेषा शेजारच्या भिंतीवरच्या डागात असते, ती कोणत्याही कचेरीत न जाता दिसते.

आता गावाकडचा रविवार. पोलादपूरला उतरायचं, तिथून जीप मिळाली तर जीप, नाहीतर गावची गाडी, आणि शेवटची चढण पायी. घर सुरेख आहे, खोटं कशाला बोलू! ओटी, पडवी, माजघर, मागं परसदार आणि फणसाचं झाड. मार्चमध्ये तिथं बसावं तर उठूच नये. पण मी ह्यांना म्हटलं, “चला, जरा घराच्या मागं जाऊ.”

घराच्या मागं डोंगर. आमच्या शेजारच्यांनी, मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या जोडप्यानं, सपाट जागा मिळावी म्हणून डोंगराचा पायथाच कापून काढला आणि तिथं स्लॅब टाकला. आयुष्यभराची पुंजी त्यात घातली. गुलाबी रंग दिलाय, गच्चीवर टाकी, दारात फरशी. कापलेल्या मातीची भिंत त्यांच्या न्हाणीघरापासून चार हातांवर उभी आहे. मला तिथं उभं राहवेना. तुम्हाला तळिये आठवत असेल. महाड तालुक्यातलं तळिये, २२ जुलै २०२१. आम्ही शेजाऱ्यांच्या गॅलरीत ओल्या कपड्यांनी बसलो होतो त्याच दिवशी तिथं डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी, तिथंही त्याच दिवशी दरड कोसळली आणि माणसं गेली. त्याच्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. म्हणजे पूर चुकवायला डोंगरावर जावं तर डोंगरही आपला भरवसा देत नाही.

म्हाताऱ्या माणसांना डोंगराची लक्षणं ठाऊक असतात, ती त्यांच्याकडून विचारून घ्यावीत. जमिनीला नवी भेग पडली, सरळ झाड कललं, नसलेल्या जागी झरा फुटला किंवा असलेला झरा एकदम गढूळ झाला, दारं चौकटीत अडकायला लागली, की तिथं त्या पावसात राहायचं नाही. पोरासोरांना आणि म्हाताऱ्यांना आधी हलवायचं, सामानाचं नंतर बघू. सासूबाईंनी हे सगळं मला एका दमात सांगितलं, आणि वर म्हणाल्या, “आपल्या घरामागची फणसाची बाजू अजून शाबूत आहे. पण मृगापासून तिकडं झोपायचं नाही, तुझे आजेसासरेही झोपत नसत.” बघा, बंगल्याचे मनोरे आम्ही बांधत होतो आणि घराची खरी माहिती ओटीवर सुपारी कातरत बसली होती!

दुसरी गोष्ट पाण्याची. जिथं जुलैत डोंगर वाहून जातो तिथं एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. नळ आहे, पण नळाला पाणी असेल तेव्हा. बाकी हंडा-कळशी आणि पाणवठा. ह्यांच्या बंगल्याच्या नकाशात झोपाळा होता, बाग होती, पाणी कोण आणणार ते नव्हतं. मी विचारलं, “अहो, मी पन्नाशीची होईन तेव्हा डोक्यावर दोन हंडे घेऊन ही चढण चढायची का?” हे गप्प झाले. पुरुषांच्या निवृत्तीच्या स्वप्नात बाईची निवृत्ती धरलेलीच नसते, एवढंच मी तेव्हा म्हटलं. जरा जास्तच झालं असेल, पण म्हटलं खरं.

शरीराच्या बदलांचंही बोलायला हवं. माझ्या थोरल्या बहिणीची पाळी जाण्याचे दिवस आहेत. रात्री दोनदा-तीनदा अंगातून वाफा निघतात, उठून खिडकीशी बसते. तिच्या घराला वर पत्रे आणि खिडकी एकच. तिचे हाल बघून मी ब्लॉक निवडताना समोरासमोर खिडक्या असलेलीच झोपायची खोली मागितली, आणि पश्चिमेच्या उन्हात येणारं स्वयंपाकघर नाकारलं. ओटा माझ्या कोपराच्या पाच-सहा बोटं खाली येईल असा करून घेतला, म्हणजे पोळ्या लाटताना खांदे वर ओढले जात नाहीत. संडास उठाबशीचा नाही, बसायचा. न्हाणीघराची फरशी खरखरीत, भिंतीला धरायला दांडी, दार बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, सुतारानं सांगितलं. गुळगुळीत चकचकीत फरशी दिवाळीच्या फोटोपुरती बरी.

पैशाचं थोडक्यात सांगते. जुनं घर आम्ही घाईनं विकलं नाही. पुरानंतर लगेच विकायला काढलं की गिऱ्हाईक चिखलाचा भाव देतं. तो तळमजला एका व्यापाऱ्याला भाड्यानं दिला, त्याचा माल तो पावसाळ्यात माळ्यावर चढवतो. ते भाडं कर्जाच्या हप्त्याला लागतं. बँकेनं वीस वर्षांची मुदत देऊ केली होती. ह्यांची नोकरी राहिली आहे १३ वर्षं. मग मी म्हटलं, हप्ता थोडा जड चालेल, पण मुदत बारा वर्षांचीच. निवृत्तीच्या पेढ्यांबरोबर हप्ता नको.

आणि एक गंमत. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आमच्या घराच्या किमतीवर २५ हजार वाचत होते. त्यामुळे नवं घर माझ्या एकटीच्या नावावर झालं! लग्नाच्या इतक्या वर्षांत जे प्रेमानं सुचलं नव्हतं ते एका टक्क्यानं सुचवलं, असं मी ह्यांना अधूनमधून ऐकवते. कर्ज मात्र दोघांच्या नावावर आहे, हेही न विसरता ते मला ऐकवतात.

गावच्या घराचा कागद एवढ्या हसत झाला नाही. सासरे गेल्यापासून वारसनोंद तशीच राहिली होती. ती करायला तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गेलो तर कोणीतरी सल्ला दिला, की बहिणींचं हक्कसोडपत्र करून टाका, म्हणजे पुढं कटकट नाही. ह्यांना दोन बहिणी, दोघी मुंबईला. शिमग्याला आल्या तेव्हा ह्यांनी विषय काढला. धाकट्या वन्सं काही बोलल्या नाहीत. थोरल्या ताटावरून उठल्याही नाहीत, फक्त घास खाली ठेवला आणि विचारलं, “दादा, तू सही मागतोयस ती जमिनीसाठी, की आम्ही इथं यायचं बंद करावं म्हणून?”

मी तिथं वाढत होते. हातातली पळी तशीच राहिली. कारण मला माझं माहेर आठवलं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर असाच कागद माझ्यापुढं आला होता. मी बी.ए. झालेली, पण न वाचता सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. त्यानंतर मला कोणी ये म्हणायचं थांबलेलं नाही, पण गेले की पाहुणी म्हणून जाते, आणि माजघरातल्या माझ्या कोपऱ्यात आता कपाट आहे. कायदा मला नंतर कळला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क आहे. आपल्या राज्यानं तो लग्न न झालेल्या मुलींना १९९४ मध्ये दिला, देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असंही नाही. हक्क सोडायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण फराळाच्या ताटावर ठरवू नये.

त्या रात्री मी ह्यांना माझ्या त्या सहीची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. सकाळी उठून त्यांनी हक्कसोडपत्राचा विषय स्वतःच मिटवला. सातबाऱ्यावर आता सासूबाई, हे आणि दोन्ही वन्सं अशी चार नावं आहेत. ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीतही तशीच करून घेतली. आणि झालं काय, तर कौलं बदलायचा खर्च थोरल्या वन्संनी अर्धा उचलला! हे असं प्रत्येक घरात होईल असं मी म्हणत नाही. माझ्या जाऊबाईंच्या माहेरी नावं लागली आणि बोलणं बंद झालं.

बंगला झाला नाही. डोंगराला हात लावला नाही. जुन्या घराची पुढची बाजू दुरुस्त केली, संडास घराला लागून केला, छपराचं पाणी साठवायला टाकी बसवली, आणि मागची खोली लाकूडफाट्याला ठेवली. आता दिवाळीनंतर सासूबाई गावाला जातात. सोबतीला तिथली एक चुलत सासू रात्री झोपायला येते. शनिवार-रविवार आमच्यापैकी कोणीतरी जातं, सुट्टीत मी आणि मुलगा. आणि मृगाच्या आधी, मे संपता संपता, त्या खाली महाडला येतात ते गणपतीला दोन दिवस वर जाऊन येतात तेवढंच. पहिल्या वर्षी त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. “बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायला मी काय धनगर आहे?” म्हणाल्या.

परवा त्यांना आणायला मीच गेले होते. करंडीत आंबे, एका पिशवीत नाचणीचं पीठ, दुसरीत कुळीथ. घराला कुलूप लावून त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली नाही, पदराच्या गाठीला बांधली. पोलादपूरच्या स्टँडवर आभाळ भरून आलं होतं. एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या, करंडी माझ्या मांडीवर. पूल आला तसे त्यांनी हात जोडले, पलीकडे गेल्यावर सोडले.

नव्या घराच्या जिन्याशी आलो. अठरा पायऱ्या चढून त्या वळणावरच्या स्टुलावर बसल्या, पाय चोळले आणि वर राहिलेल्या अठरांकडे बघितलं. मी म्हटलं, “आई, बसा निवांत. घाई नाही.” त्या म्हणाल्या, “घाई कसली? आज भरती किती वाजता आहे ते तेवढं बघून ठेव.”